अर्नेस्ट थेसिजर आणि ‘गौण’ ह्या शब्दाचा अर्थ

कादंबरीच्या प्रश्नपत्रिकेत हटकून येणारा एक प्रश्न आहे : ‘गौण पात्रांचे कार्य स्पष्ट करा.’ त्याचे उत्तरही ठरलेले आहे. गौण पात्रे नायकाच्या व्यक्तिरेखेला उठाव देतात, कथानक पुढे सरकवतात, वातावरणनिर्मिती करतात आणि क्वचित विनोदाची सोय करतात. हे उत्तर आम्ही दोघांनी विद्यार्थी म्हणून लिहिले, पुढे अध्यापक म्हणून वर्गात सांगितले आणि आता उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून दरवर्षी वाचतो. ह्या उत्तरात तसे वावगे काही नाही. मात्र त्यात गौण पात्राकडे घरगड्यासारखे पाहण्याची एक सवय दडलेली आहे. हाक मारली की त्याने यावे, सांगितले काम करावे आणि निघून जावे. त्याला स्वतःचे आयुष्य असू शकते हा विचार त्या उत्तरात कुठे डोकावत नाही. ह्या सवयीविषयी आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते कोणत्या समीक्षाग्रंथाने नव्हे, तर बोलपटाच्या आरंभकाळातल्या एका इंग्रज नटाने. त्याचे नाव अर्नेस्ट थेसिजर.

हे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे असण्याचे कारण नाही. त्याच काळातले बोरिस कार्लोफ किंवा चार्ल्स लॉटन आपल्याकडे निदान ऐकून तरी माहीत असतात. थेसिजर हा पडद्यावर दहा-पंधरा मिनिटांचा धनी. उंच, काटकुळा, धारदार नाकाचा, मान किंचित मागे टाकून समोरच्याकडे नाकावरून पाहणारा. मात्र त्याचे आडनाव आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात वेगळ्या वाटेने येऊन गेलेले आहे. १९१६ ते १९२१ ह्या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड चेम्सफर्ड, म्हणजे फ्रेडरिक थेसिजर, हे ह्या नटाचे सख्खे चुलतभाऊ. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, रौलट कायदा, जालियनवाला बाग ही प्रकरणे ज्या राजवटीत घडली, तिच्या प्रमुखाचा हा भाऊ त्याच वर्षांत लंडनच्या रंगभूमीवर फार्स करत होता. एकाच घराण्यातला एक जण साम्राज्याच्या मुख्य भूमिकेत आणि दुसरा विनोदी दुय्यम भूमिकेत! आज शंभर वर्षांनी त्या दोघांपैकी कोणाचे काम पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते, ह्याचे उत्तर सुज्ञ वाचकांना वेगळे सांगायला नको.

थेसिजरचा जन्म १५ जानेवारी १८७९ चा, लंडनचा. आजोबा पहिले लॉर्ड चेम्सफर्ड. वडील हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या कचेरीत अधिकारी. त्याला व्हायचे होते चित्रकार, म्हणून तो स्लेड कलाशाळेत शिकला. तिथून तो रंगभूमीकडे वळला तेव्हा तिशीला टेकला होता. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच तो सैन्यात भरती झाला. वय पस्तीस, घराणे सरदारी. तरीही तो गेला तो साधा शिपाई म्हणून. १९१५ च्या आरंभीच फ्रान्समध्ये तोफगोळ्याच्या माऱ्यात तो जखमी झाला, हातांना इजा झाली आणि तो मायदेशी परतला. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘अ लिटल बिट ऑफ फ्लफ’ नावाचा एक फार्स रंगभूमीवर आला. त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले आणि थेसिजर विनोदी नट म्हणून नावारूपाला आला.

हातांना झालेली ही इजा लक्षात ठेवण्याजोगी आहे. थेसिजर भरतकाम करत असे, आणि ते केवळ विरंगुळा म्हणून नव्हे. जुन्या नमुन्यांचा अभ्यास करून, रंगसंगतीचा काटेकोर विचार करून तो काम करी. १९४१ मध्ये भरतकामावरचे त्याचे स्वतंत्र पुस्तकही प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धानंतर अपंग सैनिकांना भरतकाम शिकवून त्यातून चार पैसे मिळवून देणारा एक उपक्रम इंग्लंडमध्ये उभा राहिला, त्याच्याशीही तो जवळून निगडित होता. बंदूक धरलेल्या, पुढे निकामी झालेल्या पुरुषांच्या हातांत सुई देणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. चित्रीकरणाच्या वेळी दोन दृश्यांच्या मध्ये तो कोपऱ्यात बसून टाके घालत असे, ही आठवण त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे.

आता बोलपटाकडे वळू. १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मूकपट मागे पडला. हॉलिवूडला अचानक बोलता येणाऱ्या माणसांची गरज भासू लागली आणि लंडनच्या रंगभूमीवर घडलेल्या नटांची तिकडे रीघ लागली. त्यांतच जेम्स व्हेल हा दिग्दर्शक होता. तोही महायुद्धातला सैनिक, जर्मनांच्या कैदेत राहिलेला, कामगारवस्तीतून आलेला. त्याने ‘जर्नीज एंड’ हे युद्धावरचे नाटक लंडनमध्ये बसवले आणि त्याचाच १९३० मध्ये चित्रपट केला. आवाज म्हणजे केवळ संवाद ऐकू येणे नव्हे, हे ज्या थोड्या दिग्दर्शकांना लवकर उमगले त्यांत व्हेल होता. त्याच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१९३३) मध्ये क्लॉड रेन्सचा चेहरा अगदी अखेरच्या क्षणी दिसतो. तोवर सगळा नट म्हणजे एक आवाज. थेसिजरकडे असाच आवाज होता. कोरडा, किंचित अनुनासिक, शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाला हलका चिमटा काढून त्याला सोडून देणारा. ह्या आवाजाला वाक्याच्या अर्थाशी देणेघेणे कमी आणि वाक्य उच्चारण्यातल्या आनंदाशी अधिक. आम्ही वर्गात ‘शैली’ हा शब्द वारंवार वापरतो. ती कानाने ऐकायची असेल तर ह्या माणसाची चार वाक्ये पुरेत.

व्हेलने त्याला हॉलिवूडच्या पडद्यावर आणले ते ‘द ओल्ड डार्क हाऊस’ (१९३२) मध्ये. जे. बी. प्रीस्टली ह्यांच्या ‘बिनायटेड’ (१९२७) ह्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. वेल्समधल्या डोंगराळ भागात, तुफान पावसात अडकलेले काही प्रवासी एका जुनाट घरात आसरा घेतात. घरात होरेस फेम आणि त्याची बहिरी, धर्मवेडी बहीण राहतात. होरेस म्हणजे थेसिजर. तो जिन्यावरून खाली येतो, पाहुण्यांना आपले नाव सांगतो, बहिणीने रचण्यासाठी काढलेल्या फुलांचा गुच्छ हातात घेतो, त्याविषयी अदबीने दोन शब्द बोलतो आणि तो सरळ शेकोटीत टाकून देतो. चेहऱ्यावर राग नाही, पश्चात्तापही नाही. ह्या घरात फुलांना जागा नाही, एवढीच माहिती त्याने पाहुण्यांना दिलेली असते. एरवी अशा घराचा इतिहास सांगायला कादंबरीकाराला एखादे प्रकरण खर्ची घालावे लागते.

त्यानंतरचे जेवणाचे दृश्य तर आम्ही किती वेळा पाहिले असेल ह्याची गणती नाही. टेबलावर उकडलेले बटाटे आहेत. होरेस एकेका पाहुण्याला बटाटा घेण्याविषयी सुचवतो. वाक्य अगदीच साधे, तीन-चार शब्दांचे. पण थेसिजर ते अशा काही सुरात उच्चारतो, की त्यात यजमानपण, दारिद्र्य, तुच्छता, एकाकीपणा आणि ह्या साऱ्यावरचे स्वतःचेच हसू एकदम ऐकू येते. पटकथेच्या कागदावर ह्यातले काहीही नसणार. पुढे वीज जाते आणि वरच्या मजल्यावरचा दिवा आणण्याची वेळ येते, तेव्हा हाच उद्धट माणूस जिन्यात थबकतो, दिवा जड असल्याची सबब सांगतो आणि वर जाण्याचे टाळतो. हे दृश्य पाहताना आमच्यांत जे बोलणे झाले ते असे :

‘मॅडम, ह्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटते?’

‘वरच्या मजल्यावर कोण आहे, ते त्याला ठाऊक आहे म्हणून भीती. पण सर, मला तर वाटतं, आपल्याला भीती वाटते हे पाहुण्यांना कळेल, ह्याचीच त्याला जास्त भीती आहे.’

आम्हांला वाटते, थेसिजरच्या सगळ्या कामाची किल्ली ह्या उत्तरात आहे. तो पात्र रंगवत नाही. पात्र स्वतःला कसे सावरून धरते, ते रंगवतो. त्याच्या माणसांचा नखरा हा शोभेचा नसतो, तो चिलखतासारखा असतो.

हे चिलखत सर्वाधिक झळाळते ते ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५) मध्ये. थेसिजरने त्यात डॉक्टर सेप्टिमस प्रिटोरियसचे काम केले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत प्रिटोरियस नाही. तिथे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनला इंगोलश्टाटच्या विद्यापीठात क्रेम्प आणि वाल्डमान हे दोन प्राध्यापक भेटतात. प्रिटोरियस ही चित्रपटाची निर्मिती. तोही प्राध्यापकच, पण विद्यापीठाने हाकलून दिलेला. तो रात्री-अपरात्री आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या दारात येऊन उभा राहतो आणि भागीदारी मागतो. त्याच्या पेटीत काचेच्या बरण्या आहेत आणि बरण्यांत त्याने स्वतः वाढवलेली इवलीशी माणसे : एक राजा, एक राणी, एक आर्चबिशप, एक सैतान, एक नर्तकी, एक जलपरी. मूळ कादंबरीतला व्हिक्टर पॅरासेल्ससची पुस्तके वाचतो. त्याच पॅरासेल्ससच्या नावावर असलेली प्रयोगशाळेतल्या बुटक्या माणसाची कल्पना इथे अशी खेळण्यासारखी अवतरते. राजा बरणीतून निसटून राणीकडे धावतो, तेव्हा प्रिटोरियस त्याला चिमट्याने उचलून परत जागेवर ठेवतो. ते हात पाहावेत. नाजूक वस्तू न दुखावता नेमकी कशी उचलायची, ह्याची सवय असलेले ते हात आहेत.

पुढे तळघरातल्या थडग्यांमध्ये प्रिटोरियस एका शवपेटीचे टेबल करून एकटाच जेवायला बसतो. शेजारी कवटी आणि हाडे. तिथे कार्लोफचा राक्षस येऊन उभा राहतो. ह्या चित्रपटात ज्याला ज्याला राक्षस भेटतो, तो किंचाळतो किंवा बंदूक उचलतो; अपवाद फक्त रानातल्या आंधळ्या म्हाताऱ्याचा, आणि त्याला तर राक्षस दिसतच नाही. डोळसांपैकी न दचकणारा एकटा प्रिटोरियस. आपण इथे एकटेच आहोत अशी आपली समजूत होती, एवढेच तो सहज म्हणतो आणि पाहुण्याला खाण्यापिण्याचे विचारतो. ह्यात त्याचा स्वार्थ आहे, त्याला राक्षस हाताशी हवा आहे, हे खरे. तरीही जगाने बाहेर फेकलेल्या दोघांनी एका ताटाशी बसण्याचे जे सौजन्य त्या दृश्यात आहे, ते नायकाच्या साऱ्या उदात्त वेदनेत सापडत नाही. चित्रपटाच्या अखेरीस राक्षस नायकाला आणि त्याच्या पत्नीला जाऊ देतो, प्रिटोरियसला मात्र थांबवून घेतो. नायकाला जगण्याची मुभा आणि गौण पात्राला मरणाची सक्ती, हा कथेचा जुनाच न्याय. पण चित्रपट संपल्यावर मनात राहतो तो शवपेटीवर जेवणारा माणूस.

इथे एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. आमच्या महाविद्यालयातल्या चित्रपट मंडळात आम्ही ‘द ओल्ड डार्क हाऊस’ दाखवला, तेव्हा थेसिजरच्या पहिल्याच वाक्याला मुलांमध्ये हशा पिकला आणि मागच्या बाकांवरून ‘बायकी’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला. मराठीत हा शब्द वर्णन म्हणून क्वचितच वापरला जातो. बहुधा तो शिवी म्हणूनच येतो. थेसिजरच्या लैंगिकतेविषयी त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. १९१७ मध्ये जॅनेट रँकेन ह्या आपल्या चित्रकार मित्राच्या बहिणीशी त्याने विवाह केला. त्याचबरोबर त्याचे बोलणे, वागणे, अंगठ्या, भरतकाम हे सारे त्याने कधी झाकून ठेवले नाही. पुरुषांमधले शरीरसंबंध इंग्लंडमध्ये कायद्याने गुन्हा होते अशा काळातली ही गोष्ट आहे. तो कायदा अंशतः बदलला १९६७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. तेव्हा ज्याला आपण बायकी म्हणून हसतो, त्या लकबीमागे किती धैर्य असेल ह्याचा हिशेब करून पाहावा. शिवाय हसणाऱ्यांनी हेही विसरू नये, की हा माणूस पस्तिसाव्या वर्षी खंदकात जाऊन आला होता. आम्ही त्या दिवशी व्याख्यान दिले नाही. चित्रपट पुढे चालू ठेवला. बटाट्याच्या दृश्याशी हसू आले ते मात्र वेगळे होते. मुले आता त्याला हसत नव्हती, त्याच्याबरोबर हसत होती. आमच्या मते हा बदल घडवणे हेच अभिनयाचे काम, आणि तो त्याने पाच-दहा मिनिटांत घडवला.

थेसिजरची कारकीर्द म्हणजे सलग यशाची चढण नव्हे. ‘द घूल’ (१९३३) मध्ये तो लंगडा स्कॉटिश नोकर झाला. काम चोख, पण लेखनात फारसा वाव नाही. एच. जी. वेल्स ह्यांच्या पटकथेवरच्या ‘थिंग्ज टु कम’ (१९३६) मध्ये त्याला एका बंडखोर शिल्पकाराची महत्त्वाची भूमिका मिळाली, चित्रीकरणही झाले. परंतु वेल्स ह्यांना ते काम पसंत पडले नाही आणि ती सारी दृश्ये सेड्रिक हार्डविक ह्या दुसऱ्या नटाला घेऊन पुन्हा चित्रित करण्यात आली. मोठी भूमिका हातात येऊन अशी पुसली गेली. तरी त्याच वर्षी, त्याच वेल्स ह्यांच्या ‘द मॅन हू कुड वर्क मिरॅकल्स’ मध्ये तो भाबड्या उत्साही धर्मोपदेशकाच्या छोट्या कामात दिसतो, आणि मनात कसलीही अढी नसल्यासारखा दिसतो. त्यानंतरची बरीच वर्षे न्यायाधीश, दरबारी, विक्षिप्त म्हातारे अशा चौकटीतच गेली. त्यांतल्या काही कामांत तो स्वतःचीच नक्कल करतो, हेही मान्य केले पाहिजे. रंगभूमीवर मात्र त्याला अधिक मोकळीक होती. १९२४ मध्ये बर्नार्ड शॉ ह्यांचे ‘सेंट जोन’ लंडनमध्ये प्रथम आले, तेव्हा सिबिल थॉर्नडाइकच्या जोनसमोर दुबळ्या, चिडखोर राजपुत्राचे काम त्याने केले होते.

म्हातारपणी त्याला आणखी एक उत्तम संधी मिळाली ती ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (१९५१) मध्ये. कधी न मळणारे आणि कधी न फाटणारे कापड एक तरुण संशोधक शोधून काढतो आणि गिरणीमालकांपासून गिरणीकामगारांपर्यंत सारे हवालदिल होतात. सर्व मालकांचा जुना म्होरक्या सर जॉन किअरलॉ म्हणजे थेसिजर. काळ्या कोटात गुरफटलेला, धापा टाकत चालणारा, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात बोलणारा. आणि तो बोलू लागला की बाकीचे धनाढ्य गप्प बसतात. आयुष्यभर सुई-दोऱ्यात रमलेल्या माणसाने कापडाच्या साम्राज्याचा अधिपती व्हावे, हा योगायोग आम्हांला फार भावतो. १९६० मध्ये त्याला सी. बी. ई. हा किताब मिळाला आणि १४ जानेवारी १९६१ रोजी, ब्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याचे निधन झाले. काम त्याने अखेरपर्यंत सोडले नव्हते.

हे सारे आम्ही मराठीच्या अध्यापकांनी का लिहावे, असे कोणी विचारील. एक कारण वर आलेच आहे : गौण पात्राचे कार्य फक्त उठाव देणे नव्हे. कथेच्या चौकटीबाहेर एक भले मोठे, न सांगितलेले आयुष्य पसरलेले आहे, ह्याची खूण पटवणे हेही त्याचे कार्य आहे. नायकाला आपण पूर्ण ओळखतो, म्हणून तो कथेबरोबर संपतो. गौण पात्राला आपण अर्धेच ओळखतो, म्हणून ते कथेनंतरही उरते. दुसरे कारण थोडे खाजगी आहे. आम्ही दोघे चाळिशी ओलांडलेले आहोत. आमच्यापैकी एकीची अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेली. वर्गात पूर्ण प्राध्यापक आणि पगारपत्रकावर नावही नाही, अशी. दुसऱ्याने कादंबरीकार व्हायचे ठरवले होते. त्या कादंबरीची हस्तलिखित प्रकरणे आजही कपाटात आहेत. आपण कोणत्याच कथेचे नायक नाही, हे ह्या वयात माणसाला कळू लागते. तेव्हा दोनच वाटा दिसतात : कडवटपणाची, नाही तर निमूट शरणागतीची. थेसिजरच्या कामात आम्हांला तिसरी वाट दिसली. मिळालेले चार शब्द असे उच्चारावेत, की त्यांत आपले सगळे शिक्षण, सगळी जखम आणि सगळी मिजास उतरावी. समोर साठ मुले असोत वा सहा, ओळ समजावून सांगताना ती बटाट्याच्या वाक्यासारखी सांगता आली पाहिजे. ते दररोज साधत नाही. साधते त्या दिवशी तास संपल्याची घंटा नकोशी वाटते.

शेवटी ‘द ओल्ड डार्क हाऊस’विषयी थोडे. हा चित्रपट बरीच वर्षे हरवल्यातच जमा होता. व्हेलचा तरुण मित्र आणि स्वतः दिग्दर्शक असलेल्या कर्टिस हॅरिंग्टनने पाठपुरावा केला, म्हणून १९६८ मध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या भांडारात त्याची निगेटिव्ह सापडली. तोवर व्हेल आणि थेसिजर दोघेही हयात नव्हते. २०१७ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली, स्वच्छ प्रत प्रदर्शित झाली. चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे. ज्यांना गौण पात्रांवर टिपण काढायचे असेल, अशा विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तो आधी पाहावा. पाहताना नायकाकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चालेल. जिन्यावरून उतरणाऱ्या त्या काटकुळ्या माणसाकडे मात्र लक्ष असू द्यावे.